भुवई चढली, पापणी अपुरी पडली: दुरुस्ती कुठून सुरू करायची?

वाचकाचं पत्र (थोडक्यात): माझं वय 47. साडेचार महिन्यांपूर्वी एकाच दिवशी दुर्बिणीतून भुवया उचलून घेतल्या, वरच्या पापण्यांची जादा त्वचा काढली आणि डोळ्यांखालच्या फुगवट्यांचीही शस्त्रक्रिया झाली. तेव्हापासून चेहरा सतत दचकल्यासारखा दिसतो. उजवी भुवई डावीपेक्षा वर आहे. झोपेत उजवा डोळा पूर्ण मिटत नाही, सकाळी डोळ्यात वाळू गेल्यासारखं टोचतं. उजवी खालची पापणी थोडी खाली ओढली गेली आहे. डाव्या वरच्या पापणीवर खळगा पडलाय. डोक्याचा पुढचा भाग अजून बधिर आहे. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर म्हणतात, वर्षभर थांबा. दुसरे म्हणाले, खळग्यात फिलर (त्वचेखाली टोचायचा भराव) भरू आणि व्रणाच्या बाहेरच्या टोकाशी त्वचेचा उंचवटा राहिलाय तो लगेच कापू. कोणाचं ऐकू? आणि यातलं दुरुस्त होण्यासारखं काय आहे?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

थांबा म्हणणारे डॉक्टर चेहऱ्याच्या बाबतीत बरेचसे बरोबर आहेत, डोळ्याच्या बाबतीत नाहीत. न मिटणारा डोळा वर्षभर तसाच ठेवायचा नसतो. आणि लगेच कापू म्हणणाऱ्यांना तूर्त नाही म्हणा. उजव्या पापणीला आज त्वचा कमी पडते आहे असं दिसतंय. अशा वेळी तिथली आणखी त्वचा काढणं म्हणजे आखूड झालेला कपडा पुन्हा कातरायला घेणं.

तुम्ही सहा तक्रारी लिहिल्या आहेत, पण त्या सुट्या सुट्या नसाव्यात. भुवईच्या खालच्या कडेपासून पापणीच्या केसांपर्यंत सुमारे 20 मिलिमीटर त्वचा शिल्लक ठेवायची, असा वरच्या पापणीच्या शस्त्रक्रियेतला जुना ढोबळ नियम आहे. डोळा मिटताना एवढी त्वचा लागते. आता समजा, पापणीवरची त्वचा आधी मोजून बरोबर 20 ठेवली आणि त्याच टेबलावर भुवई 5 मिलिमीटर वर नेली. पापणीला खाली यायचं अंतर तेवढंच राहिलं, पण वरचं टोक सरकलं. मिटायला आता 25 लागणार, आणि आहेत 20. म्हणून दोन्ही शस्त्रक्रिया एकत्र असतील तेव्हा भुवई आधी बसवून मग पापणीची त्वचा मोजायची असते, आणि हात आखडता ठेवायचा असतो. तुमच्याकडे काय झालं ते शस्त्रक्रियेच्या नोंदीतच कळेल. मात्र उजवी भुवई जास्त वर आणि उजवाच डोळा न मिटणारा, ही जोडी योगायोग वाटत नाही.

याची एक सोपी चाचणी घरी करता येते. स्वतःची करता येणार नाही, कारण डोळे मिटलेले हवेत. खुर्चीत ताठ बसा, समोरच्या माणसाला तुमच्या डोळ्यांच्या थोडं खाली बसवा आणि छोटा टॉर्च द्या. डोळे झोपेत मिटतात तसे अलगद मिटा, आवळू नका. पापण्यांच्या मधे फट दिसते का, किती मिलिमीटर, आणि त्या फटीत काय दिसतं, हे त्यांनी बघायचं. नुसतं पांढरं दिसलं तर डोळा मिटताना बुबुळ वर सरकतंय, म्हणजे निसर्गाने दिलेलं संरक्षण शाबूत आहे. फटीत बुबुळाचा काळा-तपकिरी भाग दिसला तर ते संरक्षण कमी आहे, आणि मग हे उत्तर पुढे वाचण्याआधी नेत्रतज्ज्ञाची वेळ घ्या. त्यानंतर दोन बोटांची पेरं भुवईवर ठेवून भुवई हळूच 3 ते 5 मिलिमीटर खाली सरकवायची. दाब हाडावर राहिला पाहिजे, डोळ्यावर अजिबात नको. फट बंद झाली तर दोष भुवईच्या उंचीत आहे आणि पापणीला चाकू लावायची गरज बहुधा पडणार नाही. भुवई खाली आणूनही फट तशीच राहिली तर पापणीत त्वचा खरोखर कमी आहे, आत व्रण आखडला आहे किंवा पापणी मिटणारा स्नायू दुबळा झाला आहे. तपासणीच्या खोलीत डॉक्टरही हेच करतात, फक्त त्यांच्या हातात पट्टी असते.

हा निकाल काहीही लागो, डोळ्याची काळजी आज रात्रीपासून घ्यायची. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब. ते दिवसातून चार-सहापेक्षा जास्त वेळा घालावे लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले, एकेका वापराच्या नळीतले घ्या, नाहीतर प्रिझर्व्हेटिव्हच डोळ्याला चिडवतं. झोपताना खालची पापणी ओढून तिच्या आत साधारण एक सेंटिमीटर लांबीची वंगण मलमाची रेघ. मग पापणीवरचं मलम कापसाने पुसून त्वचा कोरडी करायची, डोळा बोटाने पूर्ण मिटवायचा आणि वरच्या पापणीवरून गालाकडे कागदी चिकटपट्टी लावायची. चूक होते ती इथेच. मलम पुसलं नाही तर पट्टी मध्यरात्री सुटते. डोळा पूर्ण मिटला नसताना वर पट्टी किंवा गॉज ठेवलं तर ते थेट बुबुळावर घासतं, आणि ते न झाकण्यापेक्षा वाईट. पट्टी जमत नसेल तर बाजू बंद असलेले, ओलावा धरून ठेवणारे झोपेचे गॉगल मिळतात, ते वापरा. पंख्याचा किंवा एसीचा झोत तोंडावर येऊ देऊ नका. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर तूर्त बंद. डोळा दुखायला लागला, उजेड सहन होईना, धूसर दिसू लागलं किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठायचा. बुबुळावरची जखम पिकली तर तिचा डाग नजरेच्या मधोमध कायमचा राहू शकतो.

या आठवड्यात नेत्रतज्ज्ञाकडे तीन गोष्टी करून घ्या: फ्लुरेसिन रंग घालून स्लिट लॅम्पखाली (डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्राखाली) बुबुळाची तपासणी, शिर्मर चाचणी, आणि पापण्यांची मिलिमीटरमध्ये मोजणी. शिर्मरमध्ये खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून 5 मिनिटांत ती किती भिजते हे बघतात. 10 मिलिमीटरपेक्षा कमी भिजली तर डोळा कोरडेपणाकडे झुकलेला, 5 पेक्षा कमी म्हणजे चांगलाच कोरडा. बुबुळाच्या खालच्या भागावर रंगाचे ठिपके उठले तर डोळा उघडा राहिल्याने पृष्ठभाग सुकतोय हे सिद्ध होतं. मग 'वर्षभर थांबा' हा सल्ला लागू राहत नाही. आणखी एक, थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या. थायरॉइडमुळेही वरची पापणी चढते आणि डोळे वटारल्यासारखे दिसतात, आणि शस्त्रक्रियेनंतर सगळं खापर शस्त्रक्रियेवर फुटतं. एका साध्या तपासणीत ती शंका मिटते.

आता भुवई. दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रक्रियेत त्वचा कापून टाकत नाहीत. कपाळ हाडापासून सोडवतात, वर सरकवतात आणि नव्या जागी धरून ठेवतात. ही तुमच्यासाठी चांगली बाजू आहे. डोक्यावर या कानापासून त्या कानापर्यंत छेद घेऊन टाळूची पट्टी काढली असती तर ती परत आणता आली नसती. तरीही एक गैरसमज आधीच दूर करते. कपाळ ज्या स्क्रूने, टाक्याने किंवा विरघळणाऱ्या खुंटीने अडकवलं होतं ते काढलं की भुवई खाली येईल, असं अनेकांना वाटतं. पहिल्या काही आठवड्यांत ते खरं असतं, आणि भुवई भलतीच वर गेली आहे हे तेव्हाच लक्षात आलं तर टाका सोडून ती खाली आणता येते. साडेचार महिन्यांनी मात्र हाडावरचं आवरण नव्या जागी चिकटून बसलेलं असतं. स्क्रू काढला तरी भुवई जागची हलत नाही.

भुवई वर कशामुळे आहे हे आधी ठरवायला हवं, कारण त्याचीही दोन कारणं असतात: ती व्रणाने जखडलेली असते, किंवा कपाळाचा स्नायू तिला सतत ओढून धरतो. आरशासमोर डोळे मिटून अर्धा मिनिट चेहरा सैल सोडा, मग डोळे उघडा आणि कपाळाकडे बघा. डोळे उघडताच आडव्या आठ्या उमटल्या आणि भुवई वर उडाली तर स्नायूचा हात आहे. कपाळ गुळगुळीत आणि भुवई तशीच वर असेल तर जखडलेली आहे. बरेचदा दोन्ही थोडंथोडं असतं.

स्नायूचा वाटा असेल तर बोटॉक्स हा पहिला आणि माफक उपाय. इंजेक्शन कपाळाच्या स्नायूत, उजवीकडे थोडं जास्त, डावीकडे कमी. परिणाम 3 ते 7 दिवसांत दिसू लागतो, 2 आठवड्यांत पूर्ण होतो आणि 3-4 महिन्यांत ओसरतो. ओसरतो हाच त्याचा गुण आहे: भुवई खाली आल्यावर उजवा डोळा मिटतो का, चेहरा कसा दिसतो, हे चाकू न लावता बघून होतं. दोन सावधगिऱ्या मात्र देणाऱ्याला तोंडावर सांगा. डोळ्याच्या कडेच्या सुरकुत्यांसाठी म्हणून डोळ्याभोवती एकही इंजेक्शन नको. पापणी मिटणारा स्नायू तिथेच असतो आणि तो ढिला पडला तर उघडा राहणारा डोळा आणखी उघडा राहील. दुसरं म्हणजे, तुमची वरची पापणी मुळात थोडी लोंबणारी तर नाही ना, हे आधी तपासा. बुबुळावर पडणाऱ्या प्रकाशाच्या ठिपक्यापासून वरच्या पापणीच्या कडेपर्यंत 4 ते 5 मिलिमीटर अंतर असणं नेहमीचं. ते 2-3 असेल तर भुवई वर ओढून तुम्ही नकळत डोळा उघडा ठेवत असाल, आणि कपाळ सैल होताच पापणी डोळ्यावर उतरेल. गर्भारपण किंवा मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार असेल तर बोटॉक्स नाहीच.

भुवई जखडलेली असेल तर मालिशने फारसा फरक पडत नाही. त्यावर उपाय उलट शस्त्रक्रिया: कपाळ पुन्हा हाडापासून सोडवायचं, जुने व्रण मोकळे करायचे, सगळा पडदा खाली सरकवून हव्या उंचीवर टाक्यांनी धरायचा. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात कपाळ वर नेण्यापेक्षा खाली आणून तिथे टिकवणं जास्त अवघड, कारण नवे व्रण आखडताना ते पुन्हा वर ओढतात. त्यासाठी थोडी जास्त खाली आणून ठेवावी लागते, आणि पहिले काही आठवडे भुवया जड दिसतात. मिलिमीटरची हमी कोणी देत असेल तर त्याच्यापासून दूर राहा. शिवाय भुवयांची आतली टोकं एकमेकांपासून फाकली असतील, म्हणजे मधले आठ्या पाडणारे स्नायू बरेच काढले गेले असतील, तर ते अंतर उलट शस्त्रक्रियेने फारसं भरून येत नाही. तिथे पडलेला खोलगटपणा भरण्यासाठी फिलर सुचवला जाईल. दोन भुवयांमधली जागा ही फिलरसाठी सर्वांत धोक्याच्या जागांपैकी आहे, हे लक्षात ठेवून उत्तर द्या.

या शस्त्रक्रियेची घाई नको. सूज उतरून व्रण मऊ व्हायला 6 ते 12 महिने लागतात आणि या काळात भुवई आपोआपही काहीशी उतरते. दुसऱ्या महिन्यातला फोटो आणि आजचा फोटो शेजारी ठेवून पाहा. उतरण चालू असेल तर तिला वेळ द्या.

वरच्या पापणीत खरोखर त्वचा कमी आहे असं निघालं तर काय? सुरुवातीच्या महिन्यांत 1-2 मिलिमीटर फट अनेकांना राहते, आणि सूज उतरून त्वचा सैलावली की ती भरून येते. तुमच्यासाठी हा काळ पूर्ण संपलेला नाही. भुवई बोटाने वर धरून पापणीच्या केसांजवळची कड हळूच खाली ओढायची, काही सेकंद धरायची, सोडायची. दिवसातून चार-पाच वेळा, दर वेळी मिनिटभर. सर्जनने होकार दिल्यावरच. व्रण जाड आणि कडक असेल तर त्यात अगदी थोड्या मात्रेत स्टेरॉइड किंवा 5-फ्लुरोयुरॅसिल हे व्रणाची वाढ रोखणारं औषध टोचतात. हे डोळ्याजवळ रोज टोचणाऱ्या हाताचं काम आहे. स्टेरॉइड जास्त झालं तर त्वचा पातळ पडते आणि खाली पांढरे ठिपके दिसत राहतात. एवढं करूनही बुबुळ सुकत राहिलं तर उरतो त्वचारोपणाचा मार्ग. पापणीसाठी सर्वांत जुळणारी त्वचा दुसऱ्या पापणीचीच, पण तुमच्याकडे ती आता जादा नाही. म्हणून कानामागची घेतात. ती पापणीपेक्षा जाड असते, रंगात किंचित वेगळी पडते आणि बरी होताना आकसते, त्यासाठी तुकडा थोडा मोठा कापून लावतात. डोळा मिटल्यावर ठिगळ दिसतं. दिसणं सुधारण्यासाठी कोणी हे करून घेत नाही. डोळा वाचवायला करतात. बोटाने भुवई खाली करून फट बंद होत असताना जर कोणी त्वचारोपण सुचवलं, तर 'आधी भुवई का नाही?' हा प्रश्न विचारायलाच हवा.

खालच्या पापणीचं गणित वेगळं आहे, कारण ती तीन कारणांनी ओढली जाते आणि तिन्हींवर उपाय निराळा. पापणी बाहेरच्या कोपऱ्याशी ढिली पडलेली असते, किंवा मधल्या थरात व्रण आखडलेला असतो, किंवा बाहेरून त्वचा जास्त काढली गेलेली असते. पापणी खाली ओढून सोडा: उघडझाप न करता ती लगेच जागेवर बसायला हवी. रेंगाळली, किंवा चिमटीत धरून पुढे ओढल्यावर डोळ्यापासून 6-8 मिलिमीटरहून जास्त लांब आली, तर ती ढिली आहे. आता बोटाने पापणी सरळ वर ढकला. सहज बाहुलीपर्यंत गेली तर आत व्रणाची अडवणूक नाही; मधेच अडली आणि कडक लागली तर मधला थर आखडलेला आहे. शेवटी छताकडे बघत तोंड मोठं उघडा. त्यासरशी पापणी आणखी खाली आली किंवा बाहेर उलटली तर त्वचा कमी पडते आहे.

नुसती ढिली असेल तर बाहेरचा कोपरा घट्ट करून देतात. साधा टाका पुरला तर पापणी कापावीही लागत नाही. जास्त ढिली असेल तर कोपऱ्याची पट्टी आखूड करून हाडाच्या आतल्या कडेला बसवतात. आतून अडली असेल तर व्रण सोडवून मधे टेकू घालावा लागतो: तोंडातल्या टाळूच्या अस्तराचा, कानाच्या कूर्चेचा किंवा प्रक्रिया केलेल्या त्वचा-पटलाचा. त्वचा कमी असेल तर गाल वर उचलून तिथली त्वचा पापणीला मिळवून देतात, आणि तेवढ्याने भागलं नाही तरच वरून त्वचारोपण. अशा दुरुस्त्या फसण्याचं नेहमीचं कारण म्हणजे निदान एकाचं आणि उपाय दुसऱ्याचा: त्वचा कमी असताना फक्त कोपरा ताणला जातो आणि सहा महिन्यांत पापणी पुन्हा खाली. तुमचे डोळे थोडे पुढे असतील किंवा गालाचं हाड मागे असेल तर हा धोका आणखी जास्त आहे. सुटलेल्या पोटावर पट्टा आवळला की तो खाली घसरतो, तशी ताणलेली पापणी डोळ्याच्या गोलाईखाली घसरते. तोवर खालची पापणी बोटाने वर आणि किंचित बाहेर ढकलून धरायचं मालिश करा, आणि रात्रीची पट्टी लावताना तीही वर उचलली जाईल असं बघा.

डाव्या डोळ्याचा खळगा सर्वांत शेवटी. तुम्हाला तो आरशात सगळ्यात आधी दिसत असेल, हे मान्य. पण भुवई वर असली की पापणीवरची घडी ताणून सपाट होते आणि एरवी घडीखाली झाकला जाणारा खोलगटपणा उघडा पडतो. भुवई 3-4 मिलिमीटर उतरली की निम्मा खळगा कदाचित घडीत जाईल. आत्ता फिलर भरला तर तोच फिलर उद्या फुगवटा वाटेल. शिवाय शस्त्रक्रिया झालेल्या जागी सुईला वाट नेहमीची राहत नाही. भुवईजवळच्या रक्तवाहिन्या डोळ्याला रक्त देणाऱ्या वाहिनीशी जोडलेल्या असतात; फिलर त्यात शिरला तर दृष्टी जाऊ शकते. हे क्वचित घडतं, पण घडलं तर बहुतेकदा परत येत नाही. पुढे भुवई स्थिरावूनही खळगा राहिला आणि भरायचंच ठरलं, तर हायलुरोनिक ॲसिडचा फिलर घ्या, जो हायलुरोनिडेझ टोचून विरघळवता येतो, आणि ते औषध त्याच खोलीत तयार आहे ना हे विचारा. एका बाजूला बहुधा अर्ध्या मिलिलिटरहून कमी पुरतो. स्वतःची चरबी काढून भरण्याचा पर्याय जास्त टिकाऊ आहे, पण तिचा काही भाग विरतो आणि पापणीच्या पातळ त्वचेखाली गाठी राहिल्या तर त्या विरघळवता येत नाहीत. चरबी दुरुस्तीचा शेवटचा टप्पा म्हणून ठीक, प्रयोग म्हणून नाही.

व्रणाच्या टोकाचा उंचवटा बराच काळ बसत राहतो. सिलिकॉन जेल दिवसातून दोनदा, उन्हात जाताना सनस्क्रीन आणि गॉगल, हलकं मालिश. वर्षानेही राहिला आणि डोळा व्यवस्थित मिटत असेल, तर स्थानिक भूल देऊन तेवढंच टोक काढणं लहानसं काम आहे. व्रणावर मोहरीसारखे पांढरे दाणे दिसत असतील तर ते वेगळे. सुईच्या टोकाने डॉक्टर दोन मिनिटांत काढतात.

डोक्याचा बधिरपणा हा भुवईच्या हाडाच्या कडेने वर जाणाऱ्या नसा ताणल्याचा परिणाम. 6 ते 12 महिन्यांत बहुतेकांचा उतरतो. मधे खाज सुटली, मुंग्या आल्या तर घाबरू नका, ती संवेदना परतण्याची खूण असते. तोवर केस वाळवायचं यंत्र बधिर भागावर गरम लावू नका, भाजलेलं कळत नाही. छेदांजवळ केस गळले असतील तर बरेचसे 3 ते 6 महिन्यांत परत येतात.

पुढच्या भेटीआधी पहिल्या डॉक्टरांकडून शस्त्रक्रियेची नोंद आणि आधीचे फोटो लेखी अर्ज देऊन मागून घ्या. भांडायला जाऊ नका. त्या कागदाशिवाय दुसरा सर्जन अंधारात चाचपडणार आहे. नोंदीत हे शोधा: दोन्ही पापण्यांवरून किती मिलिमीटर त्वचा काढली, स्नायू आणि चरबी काढली का, खालच्या पापणीचा छेद बाहेरून होता की आतून, भुवयांमधले स्नायू छाटले का, कपाळ कशाने धरून ठेवलं. सोबत दहा वर्षांपूर्वीचा, न हसता, समोरून काढलेला एखादा फोटो न्या. भुवया तेव्हाही वेगळ्या उंचीवर असतील, तसं निघणं दुर्मीळ नाही, आणि मग डोळ्यासमोर कोणती उंची ठेवायची ते ठरतं. दुसरं मत ऑक्युलोप्लास्टिक सर्जनचं घ्या, म्हणजे पापण्यांच्या दुरुस्त्या हेच ज्याचं रोजचं काम आहे अशा नेत्रशल्यविशारदाचं. त्यांना एकच गोष्ट आधी विचारा: भुवई जागेवर आणली तर माझ्या पापणीला त्वचा पुरते का? जे बोटाने भुवई खाली करून, मोजून उत्तर देतील त्यांच्याशी पुढचं बोलायला हरकत नाही. शस्त्रक्रिया ठरलीच तर धूम्रपान किमान 4 आठवडे आधी बंद, आणि रक्त पातळ करणारी औषधं, फिश ऑइल, ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या यांची यादी द्या. हृदयासाठीची औषधं मात्र स्वतःच्या मनाने थांबवायची नाहीत.

पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलंय की तोवर लोकांत वावरायचं कसं, भुवयांवर टॅटू करून उंची सारखी दाखवता येईल का. टॅटू नको. भुवई अजून हळूहळू उतरत असू शकते, तिच्याबरोबर रंगही खाली जाईल आणि मग तो सहज पुसता येणार नाही. त्याऐवजी उजव्या भुवईच्या वरच्या काठाची केसांची एक ओळ चिमट्याने काढा आणि पेन्सिलने खालचा काठ भरा. डावीला उलट, वरचा काठ भरा आणि खालची ओळ काढा. दोन्हीकडे मिळून 2-3 मिलिमीटरचा फरक यात लपतो. कपाळ बधिर असेपर्यंत दोऱ्याने केस काढू नका, त्वचा सोलवटली तरी तुम्हाला कळणार नाही. चष्मा वापरत असाल तर वरची कड जाड आणि भुवईला झाकणारी असलेली चौकट निवडा.